बुर्गल वाकड्याला मारत नाही

बुर्गलच्या हाताखालून गेलेलं जनावर कधी तडफडलं नाही, असं त्या खोऱ्यातले पुरुषही कबूल करत. तोंडावर नाही, पण खानावळीत दोन पेले झाले की करत.

तिचं पूर्ण नाव नोटबुर्गा. मोलकरणींची, शेतावर राबणाऱ्यांची जी संत, तिचं नाव. आईने ते ठेवलं तेव्हा पुढचं सगळं तिला दिसलं असावं, कारण पोर शाळेतून निघाली ती थेट एहगार्टनरांच्या शेतावर कामाला लागली. गोठा, दूध, गवत, पुन्हा गोठा. पुढे त्याच घरातल्या थोरल्या मुलाने, कोलोमानने, तिच्याशी लग्न केलं. गावाने आधी नाक मुरडलं, मग लग्नाचं जेवण जेवून गाव गप्प बसलं. मूलबाळ झालं नाही. कोलोमान एका हिवाळ्यात लाकडं ओढताना ओंडक्याखाली सापडून गेला, आणि बुर्गलला मागे दोन गोष्टी राहिल्या. एक गोठ्यातल्या गाई, आणि दुसरी त्याची बंदूक.

बंदूक विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. तिने ती तेल घालून ठेवली आणि पन्नाशीच्या तोंडाशी शिकारीची परीक्षा दिली. परीक्षेच्या खोलीत ती एकटी बाई. "बंदुकीला फडकं बांधून आण गं बुर्गल, जाता जाता धूळही पुसून होईल," असं लाकूडगिरणीवाला एंगलबर्ट म्हणाला होता. त्या दिवशी निशाणाच्या पाटीवर सगळ्यांत कमी विखुरलेली छिद्रं तिची होती. एंगलबर्टची पाटी बघून परीक्षकाने विचारलं होतं, "तुम्ही पाटीवर नेम धरला होता ना?"

तर अशी ती शिकार मंडळात आली. मंडळाने तिला सावलीचा उतार दिला. त्या डोंगरांत प्रत्येक खोऱ्याला एक उन्हाची बाजू असते आणि एक सावलीची. उन्हाच्या बाजूला घरं, कुरणं, सफरचंदं. सावलीच्या बाजूला फरची सूचिपर्णी झाडं, शेवाळ आणि एप्रिल संपला तरी न वितळलेला बर्फ. उन्हाचे उतार जुन्या घराण्यांनी वाटून घेतलेले होते. सावलीचा कोणालाच नको होता, म्हणून तो तिला मिळाला, आणि पहिल्याच पहाटे ती मचाणावर बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की इथे आपल्याला कोणी हाक मारत नाही. लहानपणापासून ती कोणाच्या तरी हाकेच्या अंतरावर राहिली होती. "बुर्गल, पाणी. बुर्गल, वासरू. बुर्गल, जेवण कुठंय." इथे फक्त वारा होता, आणि वाऱ्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बायकांना माहेर असतं. बुर्गलला तो उतार होता.

त्या उताराच्या बदल्यात तिने मंडळाचं उष्टं काढलं. मोठ्या शिंगांचे नर पुरुषांकडे. लंगडणारी मादी, खोकणारं पाडस, आई गाडीखाली गेलेलं पिल्लू, हे सगळं तिच्याकडे. छाटणी म्हणतात त्याला. फळझाडाची करतात तशी रानातल्या हरणांची छाटणी, कळप निरोगी राहावा, गवत पुरावं, हिवाळ्यात कोणी कण्हत मरू नये म्हणून. बुर्गलला त्यात काही वावगं वाटत नसे. आपण सुरी चालवली नाही तर बर्फ चालवतो, आणि बर्फाची सुरी बोथट असते, हे तिने पाहिलं होतं. बंदुकीचा घोडा ओढण्याआधी ती मनातल्या मनात एवढंच म्हणे, देवा, याला कळू नये. आणि त्याला कळत नसे.

मंडळाचा प्रमुख होता क्विरिन, कोलोमानचा धाकटा भाऊ, म्हणजे बुर्गलचा दीर. जाडजूड, लालबुंद, मनाने वाईट नाही, पण जगात प्रत्येक गोष्टीला एक खिळा असतो आणि ती त्या खिळ्यावरच टांगली पाहिजे असं मानणारा. त्यात खिळा हा त्याच्या जिवाचाच विषय. वर्षभरात मारलेल्या प्रत्येक नराची कवटी शिंगांसकट स्वच्छ करून, लाकडी पाटीवर बसवून, हिवाळ्याच्या शेवटी खानावळीच्या मोठ्या दालनात मांडावी लागे. सगळं खोरं बघायला येई. वनखात्याचा तपासणीस एकेक कवटी हातात घेऊन दात बघे, शिंगं बघे. नर मारायला योग्य होता तर शिंगाला हिरवा ठिपका. चांगला, तरणा, ठेवायला हवा होता असा नर मारला असेल तर लाल. लाल ठिपका मिळालेल्याला पुढच्या प्रदर्शनापर्यंत लोक सोडत नसत. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या दारात, अंत्ययात्रेत सुद्धा. एकाने लाल ठिपक्यापायी शिकारच सोडली आणि मधमाश्या पाळल्या, असं सांगत. बुर्गलला कधी लाल मिळाला नव्हता.

आणि मग वाकड्या आला.

तो कुठून आला कोण जाणे. तिथली हरणं लहान, आपल्या भेकराएवढी, आणि नराची शिंगं दर हिवाळ्यात गळून वसंतात नवी येतात. याचं उजवं शिंग ठीक आलं होतं, टोकदार, दाणेदार. डावं मात्र वर जायचं विसरून खाली वळलं होतं आणि गालाजवळून जुन्या मुळासारखं लोंबत होतं. पहिल्यांदा दुर्बिणीतून तो दिसला तेव्हा बुर्गलच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मे महिन्याच्या बैठकीत क्विरिनने जाहीर केलं, "वहिनी, तुमच्या सावलीत एक विदूषक उभा राहिलाय म्हणे. या वर्षी तुमचा नर तोच. बिघडलेलं रक्त आहे, ते पुढे जाता कामा नये." सगळे हसले. बुर्गलने मान हलवली. न हलवण्यासारखं तिला तेव्हा काही दिसलंही नाही.

जूनमध्ये एका पहाटे तो तिच्या समोर आला. फार लांब नाही, आडवा उभा, पाठीमागे मऊ माती. यापेक्षा सोपी वेळ येत नाही. बुर्गलने गाल लाकडाला लावला. तो चरत होता. लोंबतं शिंग गवताला लागू नये म्हणून मान जरा तिरपी करून चरायची त्याची एक लकब होती, म्हातारा माणूस चष्मा घसरू नये म्हणून करतो तशी. अंग चकचकीत. नव्या लाल केसांवर दवाचे थेंब. मागचे पाय भरलेले. ती त्याच्यात काहीतरी शोधू लागली. लंगड? नाही. खोकला? नाही. बरगड्या? दिसतही नाहीत. तेवढ्यात खालच्या झाडीतून त्या उतारावरचा देखणा नर वर आला, दोन्ही शिंगं सरळ, तीन तीन टोकांची, क्विरिनचा लाडका, ज्याला अजून दोन वर्षं ठेवायचं असं मंडळात ठरलेलं. वाकड्याने मान वर केली, एकदा भुंकल्यासारखा खाकरला आणि त्या देखण्याच्या अंगावर असा धावून गेला की देखणा आला त्या वाटेने शेपूट नसलेली पाठ दाखवत पळाला. वाकड्या परत आला आणि मान तिरपी करून चरू लागला.

बुर्गलचं बोट घोड्यावर होतं. ती प्रार्थनेचे शब्द जुळवू लागली आणि ते जुळेनात. देवा, याला कळू नये. काय कळू नये? कशासाठी मरायला चाललाय हा, हे मला तरी कळलंय का? आजारी म्हणून? नाही. दुबळा म्हणून? नुसतं बघ त्याच्याकडे. मग उरलं एकच, की दिसायला बरा नाही. आणि दिसायला बरं नसणं हा गुन्हा असेल तर रविवारी चर्चमधले पुढचे तीन बाक रिकामे करावे लागतील.

रक्त खरंच बिघडलेलं आहे की कुंपणात अडकून, कशावर तरी आपटून शिंग असं आलं, हे तिला ठाऊक नव्हतं. ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण न ठाऊक असताना "होय" म्हणायची जी सवय तिला आयुष्यभर होती, ती त्या पहाटे कुठेतरी सुटली. तिने बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि ती गाईंचं दूध काढायला घरी आली.

क्विरिन जुलैमध्ये तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिने त्याच्यापुढे कुट्टूच्या पिठाचा सांजा ठेवला, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, शेजारी दुधाचा वाडगा. त्याने चमचा उचलला आणि म्हणाला, "वहिनी, विदूषक अजून जिवंत आहे म्हणे."

"आहे."

"दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो की. रोज दिसतो. परवा तर मचाणाच्या शिडीखाली येऊन मुतून गेला."

"मग?"

"मग काय. मी त्याला मारत नाही, भाऊजी."

क्विरिनचा चमचा वाडग्यात राहिला. एवढ्या वर्षांत त्याने या बाईच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकला नव्हता, त्यामुळे आधी त्याला तो कळलाच नाही. "तब्येत बरी नाही का? मी एंगलबर्टला पाठवतो. तो काढेल."

"एंगलबर्टला पाठवू नका. त्याचा नेम माझ्या गाईला लागेल. आणि तब्येत बरी आहे. मी मारत नाही म्हणजे मारणार नाही."

"पण का?"

"त्याला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही? अहो, शिंग बघा त्याचं! बिघडलेलं रक्त आहे ते. पुढच्या पिढीत सगळे असेच निघाले तर? लोक काय म्हणतील, क्विरिनच्या खोऱ्यात हरणं आहेत की झाडाची मुळं?"

"बिघडलेलं रक्त." बुर्गल भांडं विसळता विसळता थांबली. "असं करा. मी त्याला मारते. कातडं, मांस, सगळं तुम्हाला. डोकं मात्र मी तिथेच खड्डा करून पुरते. चालेल?"

क्विरिनने दुधाचा वाडगा जवळ ओढला.

"बोला ना. रक्तच काढायचंय ना? डोकं कशाला हवं?"

"तसं नाही. डोकं प्रदर्शनात मांडावं लागतं, नियम आहे. आणि तसलं शिंग... म्हणजे वहिनी, पलीकडच्या खोऱ्यात तसलं एक आहे, लोक लांबून बघायला येतात..."

"खानावळीत गल्ल्यावरचा मधला खिळा तुम्ही कधीचा रिकामा ठेवलाय. मला वाटलं मेणबत्तीसाठी असेल." तिने ओला हात पदराशी पुसावा तसा एप्रनला पुसला. "लाज वाटते म्हणून मारायचं, आणि मेल्यावर मिरवायला सगळ्यांत वर टांगायचं. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा, भाऊजी. लाज की शोभा?"

क्विरिन उठला. त्याचा चेहरा होता त्याहून लाल झाला होता. "ऑक्टोबरअखेरपर्यंत हंगाम आहे. तोवर तो नर पडला नाही तर सावलीचा उतार मी एंगलबर्टच्या जावयाला देईन. हे मी दीर म्हणून नाही, प्रमुख म्हणून सांगतोय."

"सांजा तरी संपवा," बुर्गल म्हणाली. "तो दिराला वाढला होता."

त्याने उभ्या उभ्या संपवला आणि गेला. तो गेल्यावर ती खुर्चीवर बसली. उतार जाणार. मचाण जाणार, पहाट जाणार, सगळं. एका मुक्या जनावरासाठी. दाराजवळच्या लहानशा भांड्यात पवित्र पाणी असे, त्यात बोट बुडवून तिने कपाळाला लावलं. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर तिने उतारच मागितला असता, आणि त्या दिवशी तिला स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता.

जुलैच्या शेवटाला नर माजावर येतात. मादीची हाक ऐकली की सगळं भान सोडून धावत येतात. ती हाक बीच नावाच्या झाडाच्या पानावर काढता येते. पान दोन अंगठ्यांत ताणून ओठांशी धरायचं आणि फुंकायचं. सगळ्यांना नाही जमत. बुर्गलला असं जमे की एकदा खरी मादीच कोण ही आगाऊ म्हणून बघायला आली होती. प्रमुखाला कुठल्याही उतारावर जायचा हक्क असतो, फक्त उतार ज्याचा आहे त्याने सोबत बसायचं, अशी रीत. क्विरिन एका संध्याकाळी आला, बंदूक खांद्यावर, आणि काही न बोलता मचाण चढला. बुर्गलही चढली. रीत ती रीत.

उन्हाच्या बाजूला अजून पिवळा उजेड होता. इकडे सावली घट्ट होत चालली होती. क्विरिनने फांदीचं पान तोडून तिच्यापुढे धरलं.

"फुंका, वहिनी. तुमच्या हातून मारायला नको तर नको. फुंकायला काय जातं?"

बुर्गलने पान घेतलं, उलटसुलट पाहिलं, तोंडात घातलं आणि चावून खाल्लं.

"कोवळं नाही राहिलं आता," ती म्हणाली. "मेमध्ये बरं लागतं."

क्विरिनने दुसरं पान घेऊन स्वतः फुंकलं. दाराच्या फटीत मांजराची शेपटी सापडावी तसा आवाज निघाला. बुर्गल तोंड फिरवून झाडीकडे बघत बसली. हसू आलं तरी मचाण हलतं. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा मांजर. तिसऱ्यांदा फुंकलं, आणि खालच्या बाजूला फांदी मोडली.

माजावर आलेल्या नराला मांजर काय आणि मादी काय. तो झाडीतून डोकं काढून उभा राहिला. अंधुक उजेडात डोक्याच्या एका बाजूला वर गेलेलं शिंग, आणि दुसऱ्या बाजूने गालापर्यंत लोंबणारं काहीतरी.

"आला," क्विरिन पुटपुटला.

बुर्गलने दुर्बीण लावली. काहीतरी चुकत होतं. हा मान तिरपी धरत नव्हता. "थांबा, भाऊजी. मला नीट बघू द्या. थांबा—"

बंदूक वाजली. नर जागीच पडला. क्विरिनचा नेम वाईट नव्हता, हे सांगायला हवं.

ते खाली उतरून गेले. गवतात तो देखणा पडला होता. दोन्ही शिंगं सरळ, तीन तीन टोकांची. माजावर आलेले नर झुडपांना शिंगं घासत सुटतात, तशी याने कुठेतरी रानवेलीत घातली होती, आणि वेलीचा भलामोठा झुपका डाव्या शिंगात अडकून गालावर लोंबत होता. क्विरिनने वाकून तो काढला. तो सहज हातात आला. खोऱ्यातला सगळ्यांत चांगला तरणा नर, मंडळाने राखलेला, प्रमुखाने स्वतः राखलेला, आणि मारला प्रमुखाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

वेल हातात धरूनच तो म्हणाला, "वहिनी, उतार तुमचा आहे."

"आहे."

"तुमच्या उतारावर पडलेला नर तुमच्या नावावर लागू शकतो. कोणी विचारणार नाही. अंधार होता, वेल होती, बाई माणूस, लोक समजून घेतील. एक लाल ठिपका. तुम्हाला आजवर एकही नाही, एकाने काय होतं?" तो श्वास घ्यायला थांबला. "मग तो वाकड्या राहू दे. मी त्याचं नाव काढणार नाही. उतारही तुमचाच. शब्द देतो."

बुर्गल उभी होती. हवं ते सगळं तिच्यापुढे मांडलेलं होतं. वाकड्याचा जीव, उतार, पहाट. बदल्यात एक चिकटवायचा लाल कागद, आणि एक खोटं. तेही दिरासाठी, घरातल्या घरात. ती फरच्या झाडाकडे गेली आणि तिने दोन डहाळ्या मोडल्या. एक तिने नराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी त्याच्या जखमेला लावली आणि सुरीच्या पात्यावर आडवी ठेवून क्विरिनपुढे धरली.

त्या रानात रीत अशी की ज्याने मारलं त्याला ही डहाळी द्यायची आणि त्याचं अभिनंदन करायचं. ती टोपीला लागली की शिकार त्याची. मग ती कोणी बदलू शकत नाही, देव सुद्धा नाही, असं म्हणतात.

"शिकार लाभो, भाऊजी," ती म्हणाली.

क्विरिनने डहाळीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. "वहिनी, असं करू नका. तुमच्याच टोपीला लावा ती. ऐका माझं."

"मी तुम्हा सगळ्यांचं पुष्कळ ऐकलं. लंगडं मारलं, आंधळं मारलं, आईवेगळं मारलं. तुम्ही म्हणालात म्हणून मारलं, आणि ते बरोबर होतं म्हणूनही मारलं. पण जे मी मारलं नाही ते मी मारलं असं म्हणणार नाही. आणि जे मारायला नको ते मारणारही नाही. दोन्ही सांगून ठेवते, म्हणजे परत परत यायला नको."

"उतार जाईल."

"जाऊ दे. घ्या डहाळी."

"आणि वाकड्या?"

"त्याचं त्याच्याजवळ. मी त्याची विक्री करत नाही. घ्या, भाऊजी. हात दुखतोय माझा, आणि जनावर साफ करायचंय, उन्हाळ्याचे दिवस आहेत."

सुरीचं पातं हललं नाही. माशा येऊ लागल्या होत्या. शेवटी क्विरिनने डहाळी उचलली आणि टोपीला लावली. मग दोघांनी मिळून काम केलं, तिने पाय धरले, त्याने पोट उघडलं. काम करताना ते भांडले नाहीत. मेलेल्या जनावरापुढे भांडू नये, एवढं दोघांनाही घरात शिकवलेलं होतं.

माज संपला की नर दिसेनासे होतात, रानाने गिळल्यासारखे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. वाकड्या एकदोनदा तिच्या दृष्टीस पडला, तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. क्विरिन तिच्याकडे आला नाही. नाताळला त्याची बायको वेफी केक घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "जाऊबाई, घरात तोंडाला कुलूप लावून बसलेत हे. माझी सुट्टी चाललीय. तुमचे उपकार."

प्रदर्शनाच्या दिवशी दालन भरून गेलं होतं. भिंतींवर कवट्याच कवट्या, खाली पुरुष, पेले, धूर. क्विरिनने देखण्याची कवटी आणली होती. लपवली नव्हती, एवढं त्याचं मोठेपण. तपासणिसाने ती हातात घेतली, दात पाहिले आणि वर पाहिलं. "तरणा. उत्तम. प्रमुखसाहेब, हा कसा पडला?"

"माझ्या हातून पडला," क्विरिन म्हणाला. "वेलीला शिंग समजलो."

मागून एंगलबर्ट म्हणाला, "वेलीला द्राक्षं होती का रे?" आणि छप्पर उडेल असं हसू फुटलं. लाल ठिपका लागला. क्विरिन तो लागताना बघत उभा राहिला.

मग तपासणीस पुढे सरकला. "सावलीचा उतार. बिघडलेल्या शिंगांचा एक नर काढायचा होता. खिळा रिकामा दिसतोय. कुठे आहे?"

बुर्गल उठली. "रानात."

"सापडला नाही?"

"सापडला. मारला नाही."

"कारण?"

"मारण्यासारखा नव्हता."

"बाई, ते मंडळाने ठरवलेलं असतं. असं प्रत्येकाने आपापलं ठरवलं तर कसं चालेल?"

"नाही चालणार," बुर्गल म्हणाली. "म्हणून तर आले. मंडळाचं मोडलं की लाल ठिपका असतो ना? मग द्या मला."

तपासणीस गोंधळला. तरुण होता, गावाकडचा नव्हता. "ठिपका कवटीला लावतात हो. तुमच्याकडे कवटीच नाही."

"आहे की," असं म्हणून बुर्गलने मान वाकवून आपलं डोकं त्याच्यापुढे केलं. "बघा. दात पण बघायचे असतील तर बघा."

हसू आलं, पण या वेळी ते तिच्यावर नव्हतं. तपासणिसाचा हात पुढे येईना, तेव्हा तिने त्याच्या हातातल्या कागदावरून एक लाल ठिपका स्वतःच सोडवला आणि टोपीच्या पुढच्या बाजूला दाबून बसवला. मग ती दिराकडे वळली.

"भाऊजी, जुलैमध्ये माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही प्रमुख म्हणून एक बोलला होतात. ते आता सगळ्यांपुढे बोला. सावलीचा उतार कोणाला द्यायचाय?"

एंगलबर्टचा जावई बाकावर जरा ताठ झाला. क्विरिन आपल्या लाल ठिपक्याखाली उभा होता. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे.

"बोला ना आता," वेफी मागून म्हणाली. "घरात तर इतकी वर्षं बोलताय."

"बसा, वहिनी," क्विरिन म्हणाला. "ज्याचा उतार त्याचा उतार. पुढचं बघा हो साहेब, लोक तहानलेत."

बुर्गल बसली. तिने टोपीवरचा ठिपका पुन्हा एकदा दाबून बसवला.

मे महिन्यातल्या एका रविवारी प्रार्थना संपल्यावर क्विरिन चर्चच्या पायऱ्यांवर तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. तिच्या टोपीवरचा ठिपका उन्हापावसाने गुलाबी पडला होता, पण होता. थोडा वेळ दोघं घंटा ऐकत राहिले.

"दिसला का या वर्षी?" त्याने दुसरीकडे बघत विचारलं.

"दिसला."

"नवी शिंगं आली असतील."

"आली. वरची मऊ कातडी घासून साफ झालीत."

"मग?" त्याला राहवेना. "सरळ आलं का ते?"

"नाही," बुर्गल म्हणाली. "आता दोन्ही वाकडी आलीत."

क्विरिनने डोळे मिटले. "वहिनी, बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

"ठाऊक आहे."

"मला त्याचं नाव वाचावं लागेल."

"वाचा की. मी तिथेच असणार आहे," ती म्हणाली, आणि गाई वाट बघत होत्या म्हणून पायऱ्या उतरून गेली.